भाजलेलं प्रवाळ

लवू धुरीला खोटं बोलता येत नाही, असं त्याची बायको वनमाला शेजारपाजारी अभिमानानं सांगायची. ते खरंही होतं. खोटं बोलायची वेळ आली की त्याचे कान लाल व्हायचे आणि जीभ टाळ्याला चिकटायची. पण गप्प बसणं ही वेगळी गोष्ट. ते त्याला झकास जमायचं. गप्प बसून माणूस किती खोटं बोलू शकतो हे त्याला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं, आणि तेही एका काचेच्या टाकीपायी.

लवू मुलुंड पूर्वेच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये टेक्निशियन होता. मूत्रपिंडं थकलेली माणसं तिथे आठवड्यातून तीनदा येत, हाताला दोन सुया लावून चार तास खुर्चीत पडून राहत, आणि मशीन त्यांचं रक्त धुऊन परत देई. हॉलच्या मधोमध, जिथे आणखी एक खुर्ची सहज बसली असती, तिथे खाऱ्या पाण्याची एक मोठी टाकी होती. सेंटर सुरू झालं तेव्हा शोभेसाठी कुणीतरी ती बसवून दिली होती. देखभाल करणारा माणूस पुढे यायचा बंद झाला, मासे एकेक करून तरंगायला लागले, तेव्हा ती भंगारात जायची ती लवूनं वाचवली.

त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. पण पाणी कळत होतं. पेशंटसाठी पाणी शुद्ध करायचं यंत्र त्याच्याच ताब्यात असायचं. पाण्यात जरा काही राहिलं तर ते माणसाच्या रक्तात जातं, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. त्याच यंत्राचं पाणी, त्यात समुद्राचं मीठ, रोज थोडी निगा. टाकी सुधारली. मोबाइलवर बघून, लोकांना विचारून तो शिकत गेला. असंच विचारता विचारता बोरीवलीच्या ओजसची ओळख झाली. ओजस एका विमा कंपनीत नोकरीला, पण जीव सगळा घरातल्या टाक्यांत. त्यानं स्वतःच्या टाकीत वाढवलेल्या एका मऊ प्रवाळाचा अंगठ्याएवढा तुकडा लवूला दिला. हे दगडासारखं कडक प्रवाळ नव्हे. चामड्यासारखं मऊ, खाली जाड देठ आणि वर पसरट टोपी. तो तुकडा लवूच्या हाताखाली वाढून बशीएवढा झाला. उजेड लागला की टोपीवर हजारो बारीक तुरे बाहेर पडत आणि पाण्याबरोबर डुलत. पेशंट त्याला छत्री म्हणत.

छत्री हे नाव ठेवलं मॉनिका आंटीनं. ती भांडुप गावठाणातली, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्या मराठी किरिस्ताव घराण्यातली. नवरा वारलेला, मुलगी यव्होन वसईला दिलेली. आयुष्यभर तिनं एका औषध कारखान्यात पॅकिंगला काम केलं होतं आणि जिभेला धार होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळच्या पाळीला ती यायची आणि टाकीसमोरचीच खुर्ची धरायची.

"पाणी प्यायला मोजून देता," ती म्हणायची, "तर निदान बघू तरी द्या पोटभर."

छत्री आज किती उघडली, कालपेक्षा रंग कसा आहे, कुठला मासा कुणाच्या मागे लागलाय, याची खबरबात तिच्याकडे. नव्या पेशंटला, पहिल्या दिवशी भेदरून बसलेल्या माणसाला, ती म्हणे, "मशीनकडं बघू नको. हिकडं बघ." आणि तो माणूस बघायचा. लवूला तेव्हा वाटायचं, आपण ही टाकी ठेवली ते बरं केलं.

मग शेवाळ आलं. आधी एका दगडावर हिरवी लव, मग केसांसारखी झुलपं, मग छत्रीच्या देठाभोवती गुंडाळलेला हिरवा पुंजका. लवू तेव्हा जरा ढिला पडला होता. मुलीची बारावी होती, आणि टाकीचं पाणी बदलायचं काम आज उद्या करत राहून जात होतं. त्यातच सेंटरच्या प्रमुख डॉक्टर अबोली मॅडम शनिवारी त्याला म्हणाल्या, "लवू, मंगळवारी नवे भागीदार जागा बघायला येतायत. ही टाकी अशी घाणेरडी दिसली ना, तर ते पहिल्यांदा हीच काढायला सांगतील. मी मग अडवू शकणार नाही."

रविवारी सेंटर बंद असतं. लवू दुपारचं जेवून गेला. हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे जखमेवर टाकलं की फसफसतं ते, थोडं थोडं सिरिंजनं शेवाळावर सोडलं की शेवाळ मरतं, हे त्यानं ओजसकडून ऐकलं होतं. ओजसनं प्रमाणही सांगितलं होतं. जखमेचं, पातळ. अगदी थोडं. प्रवाळापासून लांब.

स्टोअरच्या फळीवर दोन पांढऱ्या बाटल्या शेजारी शेजारी होत्या. एकीत जखमेचं पातळ औषध. दुसरीत तेच, पण पाइप निर्जंतुक करायचं कडक, कितीतरी पट तीव्र. ते मोठ्या कॅनमधून लवूनंच गेल्या आठवड्यात हाताशी असावं म्हणून बाटलीत काढलं होतं. लेबल नंतर लावू म्हणून ठेवलं होतं. लावलं नव्हतं.

त्यानं एक बाटली उचलली. पंप बंद केला, सिरिंज भरली आणि देठाभोवतीच्या शेवाळावर सोडली. बारीक बुडबुड्यांचा फेस उठला. पहिल्यांदा वाटलं, वा, काय लागू पडलं! म्हणून त्यानं आणखी सोडलं. दगडांवर सोडलं. घाई होती, घरी जाऊन मुलीला क्लासला सोडायचं होतं. छत्री मिटून गेली तेव्हा तो म्हणाला, मिटणारच, तिला त्रास झालाय, उद्या उघडेल. पंप सुरू केला आणि निघाला.

सोमवारी सकाळी त्यानं येऊन दिवे लावले. शेवाळ खरंच पांढरं पडलं होतं. पण एक झिंगा दगडाशी उलटा पडून होता. मासे पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घेत होते. छत्री एका बाजूला झुकली होती आणि तिची अर्धी कड कापसासारखी पांढरी होऊन लोंबत होती. उकळतं पाणी पडल्यावर माणसाची कातडी होते तशी.

तो धावत स्टोअरमध्ये गेला. बाटल्या उचलून बघितल्या. कुठली हलकी झाली होती ते हाताला लगेच कळलं. त्यानं तिथेच मार्कर काढला, कडक औषधाच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि ती खालच्या कपाटात कुलपात टाकली. हे औषध चुकून कुणा पेशंटच्या जखमेवर गेलं असतं तर, हा विचार मनात आला आणि त्यानं कुलूप पुन्हा ओढून बघितलं. एवढं सगळं त्यानं दोन मिनिटांत केलं. जे करायला हवं होतं त्यातलं तेवढंच सोपं होतं.

बाहेर आला तर मॉनिका आंटी खुर्चीत बसलेली, पर्स अजून मांडीवर, आणि डोळे टाकीवर.

"हिला काय झालं रे?"

लवू तोंड उघडणार तोवर तिनं त्याची बाही धरून त्याला खाली ओढलं. आवाज अगदी बारीक केला.

"मीच केलं," ती म्हणाली. "सुकट टाकायची मी आत. थोडी थोडी, पुडीत बांधून आणायची. मना खायला बंदी, खारट म्हणून. म्हटलं ते तरी खातील. शुक्रवारी जरा जास्त पडली. मेली ना रे ती? मीच मारली."

लवूच्या तोंडात शब्द तयार होता. नाही. एवढाच. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, मागून नर्स श्रुतिका मशीन तयार झाल्याचं सांगत होती, आणि मंगळवार उद्यावर आला होता.

"मॅडमला सांगू नको," आंटी म्हणाली.

"नाही सांगत," लवू म्हणाला.

आणि आंटीनं त्याचा हात दाबला. उपकार मानल्यासारखा.

दुपारी त्यानं गच्चीत जाऊन ओजसला फोन केला. त्याला मात्र सगळं खरं सांगितलं. लांबच्या माणसाला सांगायला जड गेलं नाही.

"वाट लागली," ओजस म्हणाला. "बरं, ऐक. आधी पाणी बदल. भरपूर, पण एकदम नको, थोडं थोडं करून. कोळशाची पिशवी सोड फिल्टरमध्ये. पंप असा लाव की तिच्यावरून पाणी हळू फिरत राहील, सडका भाग साचून राहता कामा नये. उजेड कमी कर. आणि यार, हात लावू नकोस. तुला हात लावावासा वाटणार. नको लावू."

"वाचेल?"

"मऊ प्रवाळं चिवट असतात. पण पांढरं पुढे सरकायला लागलं तर कापावं लागेल. रोज फोटो पाठव."

लवूनं सांगितल्याबरहुकूम केलं. पाणी बदललं, मेलेला झिंगा काढला, कोळसा सोडला. मासे सावरले. मंगळवारी भागीदार आले, पांढऱ्या दगडांकडे बघून "नाइस, नाइस" म्हणाले आणि गेले. ज्याच्यासाठी एवढं केलं ते इतक्यात उरकलं.

बुधवारी आंटीनं त्याच्यासाठी बाटली आणली. तपकिरी काचेची, तोंडाला कापड बांधलेली. तिच्या हातचा बाटली मसाला. तो तिच्या घरात उन्हाळ्यात कुटला जायचा आणि बाहेरच्याला सहसा मिळायचा नाही.

"बायकोला दे," ती म्हणाली. "तू माझी अब्रू राखलीस."

वनमालानं त्या रात्रीच्या जेवणाला त्या मसाल्यात बांगडे केले. घरभर वास सुटला. मुलीनं दोनदा भात घेतला. लवूनं पहिला घास तोंडात घातला आणि तो घोळवत बसला.

"तिखट झालो काय?" वनमाला तिच्या मालवणीत म्हणाली.

"नाही."

"मगे?"

त्यानं सांगितलं. मुलगी उठून गेल्यावर सांगितलं, ताटात बोट फिरवत. वनमालानं सगळं ऐकून घेतलं. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मगे त्या म्हातारेक कधी सांगतलात?"

"सांगतो. शुक्रवारी."

शुक्रवारी तो ठरवूनच गेला होता. आंटीच्या हाताला पहिली सुई लावली, चिकटपट्टी मारली, दुसरी हातात घेतली. तेवढ्यात अबोली मॅडम राउंडला आल्या आणि टाकीपाशी थांबल्या. पलीकडच्या खुर्चीवरच्या पेशंटच्या नातेवाइकानं आंटीला टाकीत काहीतरी टाकताना बघितलं होतं आणि मॅडमच्या कानावर घातलं होतं.

"एक मिनिट, सगळ्यांनी ऐका," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण हॉल लहान. "टाकीत काही टाकायचं नाही हे मी किती वेळा सांगितलं? त्या जिवाची काय अवस्था झालीय बघा. आंटी, तुम्ही तरी. घरातलं काहीतरी आणून आत टाकता, तुम्हाला शोभतं का हे? लहान मूल आहात का?"

सगळ्या खुर्च्यांवरची डोकी वळली. आंटीला उठून जाता येत नव्हतं. एक सुई लागलेली होती. तिनं मान खाली घातली. एरवी मॅडमलाही उलट उत्तर देणारी बाई. तिचा हात लवूच्या हातात होता आणि तो हात हळूहळू थंड होत गेल्याचं त्याला कळलं.

दुसरी सुई त्याच्या बोटांत होती. त्यानं ती लावली. नीट लावली. पट्टी मारली. मशीनचे आकडे बघितले. एवढं सगळं होईपर्यंत मॅडम निघून गेल्या होत्या.

त्या दिवसानंतर लवूला काही गोड लागेना. मुलीनं काही विचारलं तरी दुसऱ्यांदा विचारावं लागायचं. सेंटरमध्ये कुणी "लवूभाऊ" अशी हाक मारली तरी त्याला वाटे, आता कळलं. कुणाला काही कळलेलं नसायचं. तेच जास्त वाईट होतं. फोटो बघून ओजस म्हणाला, पांढरं पुढे सरकतंय, कड काळपट होतेय, रविवारी येतो. पण त्याला त्या रविवारी जमलं नाही. लवूनं न राहवून एकदा आत हात घातला आणि लोंबणारा तुकडा ओढून बघितला. चिकट धागा निघाला आणि कुजल्याचा वास आला. ओजसनं फोनवर शिव्या घातल्या. त्या लवूनं निमूट ऐकल्या. निदान या तरी आपल्या हक्काच्या, असं त्याला वाटलं.

सोमवारी आंटी आली आणि टाकीकडे न बघता सरळ दाराशेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. तिथून फक्त भिंत आणि पंखा दिसतो.

"इथं?" लवूनं विचारलं.

"इथं."

बुधवारी ती आलीच नाही.

डायलिसिस चुकवणं म्हणजे काय हे लवूला सांगायला नको. पाणी अंगात साठत जातं, पायाला सूज येते, मग छातीत भरतं. श्रुतिकानं फोन लावला, कुणी उचलला नाही. दुपारी पाळी संपल्यावर लवू रिक्षा करून भांडुप गावात गेला. वाटेत त्यानं स्वतःला काय काय ऐकवलं ते त्यालाच ठाऊक. ती लाजेनं आली नाही. तिला काही झालं तर ते माझ्या हातून झालं. एक प्रवाळ भाजलं आणि आता एक माणूस.

क्रूसापुढच्या गल्लीत तिचं बैठं घर होतं. दार उघडंच होतं. आंटी काळ्या झग्यात, पाय स्टुलावर ठेवून बसली होती. पायांना सूज होती, श्वास जरा लागत होता, पण जिवंत होती आणि चिडलेली होती.

"तू कशाला आलास?"

"आज आला नाहीत तुम्ही."

"चुलत दीर गेला माझा. मयतीला जायचं होतं. सकाळी चर्चमध्ये मिसा होती. फोन घरात राहिला." तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. "तुला काय वाटलं?"

लवू उंबऱ्यातच उभा होता. परत फिरायला वाट मोकळी होती. ती त्याच्यामुळे घरी बसली नव्हती, तिच्या घरात मयत होती. त्याच्याकडे आता काही निमित्तही उरलं नव्हतं. पण रिक्षात जे तोंडाशी आलं होतं ते आता आत जाईना.

"आंटी, छत्री तुमच्या सुकटीनं नाही भाजली," तो म्हणाला. "मी भाजली. चुकीचं औषध घातलं त्या रविवारी. कडक बाटली उचलली."

बाहेर कुणीतरी खुर्च्या टेम्पोत भरत होतं, त्याचा खडखडाट तेवढा येत राहिला.

"बाटलीला लेबल नव्हतं?"

"मीच लावलं नव्हतं."

"सगळी उमर मी लेबलं लावली," ती म्हणाली. "एक वाकडं लागलं तरी सुपरवायझर पूर्ण खोका परत करायचा." मग तिनं विचारलं, "म्हणजे त्या सोमवारी मी तुला बोलले तेव्हा तुला माहीत होतं?"

"होतं."

"शुक्रवारी मॅडम मना सगळ्यांपुढं बोलत होती, तेव्हा पण माहीत होतं."

"होतं."

"माझा हात तुझ्या हातात होता."

"होता."

लवूला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिनं स्टुलावरचे पाय खाली घेतले.

"मसाला परत दे," ती म्हणाली.

"आंटी..."

"दे परत. तो मी चांगल्या माणसाला दिला होता."

"थोडा वापरला."

"मग उरलेला आण."

त्यानं मान हलवली. काही वेळानं तिनं विचारलं, "आणि ते शेवाळ? ते माझ्या सुकटीनं आलं का? खरं सांग."

"थोडं त्यानं. थोडं माझ्या आळसानं. पाणी वेळेवर बदललं असतं तर तुमची सुकट पचली असती टाकीला."

"हं." हे उत्तर तिला पटलेलं दिसलं. "मॅडम सगळ्यांपुढं बोलली. तू पण सगळ्यांपुढं सांगायचं. तिच्या केबिनमध्ये जाऊन नाय."

"सांगतो. पण आधी चला. आजचं डायलिसिस आजच करू. संध्याकाळच्या पाळीत एक जागा आहे."

"तुझ्या हातून नाय," ती म्हणाली. "श्रुतिकाला सांग सुई लावायला."

ती आली. रिक्षात दोघं शेजारी बसून आली. श्रुतिकानं सुया लावल्या. लवू चार तास दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिला. त्याची पाळी केव्हाच संपली होती. जा म्हणायला कुणी आलं नाही, थांब म्हणायलाही नाही.

शुक्रवारी सकाळी सगळे पेशंट मशीनला लागल्यावर त्यानं मॅडमना हॉलमध्ये बोलावलं. काय बोलायचं ते बायकोपुढे म्हणून पाहिलं होतं, पण ऐन वेळी त्यातलं काही आठवलं नाही. "मॅडम, टाकीचं मी केलं. आंटींचा दोष नाही," एवढं तो म्हणाला, आणि पुढचं मॅडमनी एकेक प्रश्न विचारून काढून घेतलं. बाटलीचं ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलला. प्रवाळ बाजूला राहिलं.

"बिनलेबलची बाटली? जखमेच्या औषधाशेजारी?" त्या म्हणाल्या. "लवू, ते टाकीत गेलं म्हणून आपण इथे उभे राहून बोलतोय."

"हो मॅडम."

"आणि मला आज सांगताय."

"हो."

त्यांनी स्टोअरच्या चाव्या त्याच्याकडून मागून घेतल्या आणि श्रुतिकाला दिल्या. मग त्या दाराशेजारच्या खुर्चीकडे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आंटी, मी चुकले. मला माफ करा." त्यांना ते लगेच जमलं. लवूला त्याचंच नवल वाटत राहिलं. आंटी म्हणाली, "ठीक हाय, सुकट टाकलीच होती मी," आणि डोळे मिटून घेतले. लवूकडे तिनं बघितलं नाही. मसाल्याची अर्धी बाटली त्यानं तिच्या पर्सशेजारी ठेवली. जाताना ती घेऊन गेली.

त्या रविवारी ओजस आला. दोघांनी छत्री दगडासकट अलगद बाहेर काढून टाकीच्याच पाण्याच्या टबात ठेवली. कुजका भाग अर्ध्याच्याही पुढे गेला होता.

"कापताना मन घट्ट कर," ओजस म्हणाला. "सडक्याच्या कडेनं नाही, चांगल्या भागात थोडं आत जाऊन कापायचं. राखायला गेलास तर सगळंच जाईल."

"तू काप ना."

"तुझी आहे ती."

लवूनं नवं ब्लेड घेतलं. टोपी कापताना रबर कापल्यासारखं लागलं आणि दुधाळ पाणी सुटलं. जे काढलं त्यानं एक वाटी भरली. उरला तो देठ आणि एका बाजूला चंद्रकोरीएवढी टोपी. आयोडीनच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून त्यांनी ती परत ठेवली, उजेडाच्या कडेला, पाणी फिरेल अशा जागी.

"आता?" लवूनं विचारलं.

"आता काही नाही. दर आठवड्याला पाणी बदल. बाकी तिचं ती बघेल."

हे काही न करणं लवूला फार जड गेलं. छत्री मिटून बसली, अंगावर मेणासारखा थर आला. लवूला वाटलं मेली. ओजस म्हणाला, कात टाकतेय, बघ. थर सुटून पाण्याबरोबर निघून गेला आणि खाली फिकट, कोवळी कातडी दिसली. कापलेली कड आत वळून बुजत गेली. दिवाळी उलटून गेली तरी तुरे नव्हते. मग एका सकाळी दिवे लावल्यावर चांगल्या बाजूला ओंजळभर तुरे बाहेर आलेले दिसले, आखूड, जरा वाकडेतिकडे. लवू तिथेच उकिडवा बसला. आनंद झाला, पण तो पुरा होईना. हे बरं होणं होतं, फिटणं नव्हतं. छत्रीनं कुणाला माफ केलं नव्हतं, तिला ते करताच येत नव्हतं. तिला नीट पाणी मिळालं आणि ती वाढली, इतकंच.

त्यानं मॉनिका आंटीला सांगितलं. ती आता पुन्हा त्याच्याशी बोलत होती, पण कामापुरतं. वजन किती, पाणी किती काढणार, हात दुखतोय. तिनं मान वळवून लांबूनच बघितलं.

"कुत्र्यानं चावलेल्या कानासारखी दिसते," ती म्हणाली.

"वाढेल."

"वाढू दे."

खुर्ची मात्र तिनं बदलली नाही. दाराजवळ वारा चांगला येतो म्हणाली. ते खरं होतं की नाही हे लवूला शेवटपर्यंत कळलं नाही. सुई लावायलाही ती श्रुतिकालाच बोलवायची, आणि लवूनं त्याबद्दल कधी विचारलं नाही.

फेब्रुवारीत यव्होननं तिला वसईला नेलं. एकट्या बाईनं आता गावात राहू नये म्हणून. शेवटच्या दिवशी तिनं सगळ्यांना केक वाटला. लवूलाही दिला, दुसऱ्यांना दिला तेवढाच. तो म्हणाला, "आंटी, काही लागलं तर फोन करा." ती म्हणाली, "हो हो," आणि जिना उतरायला लागली. त्यानं तिचा हात धरायला आपला हात पुढे केला. तिनं कठडा धरला.

उन्हाळ्यात एकदा दुपारी, मशीन धुताना, त्याच्या मोबाइलवर तिचा आवाज आला. रेकॉर्ड करून पाठवलेला, मागे कुठल्यातरी मशीनची पिपाणी वाजत होती.

"लवू, मी मॉनिका. हिकडचं सेंटर मोठं हाय, एसी झकास. पण सुई लावणारा पोरगा धसमुसळा हाय रे. हात काळा-निळा करून ठेवलाय. त्याला सांगितलं, मुलुंडला आमच्याकडं एक होता, त्याची सुई लागलेली कळायची नाय." मग थोडा वेळ नुसती पिपाणी. "माणूस कसा होता ते सांगितलं नाय त्याला. बरं, ठेवते."

लवूनं ते ऐकलं. हात ओले होते म्हणून शर्टाला पुसले आणि पुन्हा ऐकलं. हातावर गरम पाण्याची पट्टी ठेवा, काळं-निळं उतरेल, एवढं त्यानं लिहून पाठवलं, आणि पुढच्या पाळीची मशीनं तयार करायला लागला.